प्रेक्षकांच्या हातात पत्ते द्यायचेत, तर प्रयोग कुठला निवडायचा?

गणपतीत सोसायटीचा कार्यक्रम असतो, कोणाकडे वाढदिवस असतो, डिसेंबर-जानेवारीत शेतावर हुरडा पार्टी असते आणि कोणीतरी म्हणतंच, तुला पत्त्यांची जादू येते ना, दाखव की. मग आपण यूट्यूब उघडतो, तिथे ढिगाने प्रयोग, सगळेच भारी दिसतात, आणि जो सगळ्यात भारी दिसतो तो आपण शिकायला घेतो. माझं म्हणणं असं की निवड उलट्या बाजूने करायची. जादूगाराच्या हातात काय चाललंय हे नंतर बघा, आधी समोरच्या माणसाच्या हातात काय चाललंय ते बघा, त्याला कुठल्या सूचना द्याव्या लागणारेत ते बघा, आणि त्यातली सगळ्यात अवघड सूचना शेवटच्या रांगेतल्या आजींना पहिल्या झटक्यात कळेल का ते विचारा. कळत असेल तर तो प्रयोग तुमचा. बाकी सगळं सरावाने येतं.

पहिलं काम: सहभाग किती हवाय ते ठरवा

'एक पत्ता ओढा, बघा, परत ठेवा' याला बरेच जण सहभाग म्हणतात. मला तो फार कमी वाटतो. ओढणारा ओढतो आणि नंतर पाच मिनिटं नुसता उभा राहतो. त्याच्या वरची पायरी म्हणजे प्रेक्षक पत्ते पिसतो, काटतो किंवा स्वतः वाटतो. त्याहून वरची म्हणजे पत्ते पूर्णवेळ त्याच्याच हातात, तुम्ही हातसुद्धा लावत नाही. आणि सगळ्यात वरची म्हणजे हॉलमधल्या प्रत्येकाच्या हातात पत्ते आणि जादू सगळीकडे एकाच वेळी घडते.

२१ पत्त्यांचा जुना प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, सात-सातच्या तीन रांगा, पत्ता कुठल्या रांगेत ते सांगा, ती रांग मधे ठेवायची, असं तीनदा केलं की पत्ता अकराव्या जागी येतो. आता यात प्रेक्षक काय करतो? तीन वेळा बोट दाखवतो. आणि तुम्ही ६३ वेळा पत्ता टाकता. घरात भाच्याला दाखवायला ठीक आहे, कार्यक्रमात घेऊ नका. अर्ध्या लोकांना तो येतच असतो आणि उरलेले दुसऱ्या वाटपाला मोबाईल काढतात.

एक मात्र आहे, सहभाग जितका जास्त तितका ताबा कमी. म्हणून 'सगळ्यात वरची पायरीच हवी' असा हट्ट नको, जागा आणि माणसं बघून ठरवा.

जागा बघून या, शक्य असेल तर त्याच वेळेला

नाशिकच्या कालिदास कलामंदिरासारख्या सभागृहात साधा पत्ता दहाव्या रांगेतून दिसतच नाही, पत्ता असतो जेमतेम ६३ बाय ८८ मिलिमीटरचा. तिथे एकाला स्टेजवर बोलावून पत्ता ओढायला लावणं म्हणजे बाकी सगळ्यांना बाहेर ठेवणं. अशा ठिकाणी एकतर मोठे जंबो पत्ते घ्या, नाहीतर सरळ प्रत्येकाच्या हातात पत्ते द्या, म्हणजे लांबून दिसायचा प्रश्नच उरत नाही कारण जो तो स्वतःचे पत्ते बघतोय.

गंगापूर रोडच्या लॉन्सवर संध्याकाळी वारा असतो, टेबलावर रांगा मांडायचा कुठलाही प्रयोग तिथे धोक्याचा. शेतावरच्या हुरडा पार्टीत टेबलच नसतं, सतरंजीवर बसलेली माणसं असतात, आणि निफाडकडे जानेवारीत अशी थंडी असते की बोटं आखडतात, त्या बोटांनी बारीक हातचलाखी करायला जाऊ नका आणि प्रेक्षकांकडूनही नाजूक काही करून घेऊ नका. पावसाळ्यात कागदी पत्ते दमट होऊन एकमेकांना चिकटतात, 'दोन पत्ते पालटा' म्हटलं की तीन येतात. प्रयोग फसण्याची कारणं बरेचदा अशी साधी असतात.

देवळाच्या आवारात किंवा पूजेच्या घरी पत्ते काढण्याआधी यजमानांना विचारा. काही घरांत पत्ते म्हणजे जुगार असं पक्कं डोक्यात असतं, त्यांचा मान ठेवायचा, तिथे दोरीचा किंवा आकड्यांचा प्रयोग करायचा.

मग सूचना मोजा

प्रयोग निवडण्यापूर्वी कागदावर फक्त प्रेक्षकाला द्यायच्या सूचना लिहून काढा. तुमची कृती लिहायची नाही. प्रत्येक सूचनेपुढे एकच प्रश्न, हे चुकलं तर प्रयोग मरतो का? कितीही सूचना चालतात, पण 'चुकली तर मेला' अशा दोन-तीनच्या वर असतील तर त्या गर्दीपुढे तो प्रयोग नको, असं माझं मत आहे. आणि त्या दोन-तीन सूचना सलग येत नाहीत ना तेही बघा, मधे एखादी निवांत सूचना असली की मागे पडलेले लोक गाठतात.

आपल्याकडे एक मोठा फायदा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत बदाम सात, पाच-तीन-दोन, झब्बू, भिकार-सावकार खेळून सगळे मोठे झालेत, त्यामुळे पिसणं, काटणं, वाटणं शिकवावं लागत नाही. ज्या प्रयोगात याच कृती आहेत तो निम्मा सोपा झाला. आणि बोलताना इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, राजा, राणी, गुलाम, दुर्री, तिर्री, सत्ती असंच बोला, 'स्पेड्सचा क्वीन' म्हटलं की काका-मावशी एक क्षण अडखळतात आणि त्या क्षणात तुमची पुढची सूचना निघून जाते.

आता तीन-चार प्रयोग या मापाने तपासून बघू. बहुतेक गणितावर चालतात, हातचलाखी जवळपास शून्य, आणि आधीच छापून प्रसिद्ध झालेत, त्यामुळे कोणाचं गुपित फोडतोय असं नाही.

चार पत्त्यांचा प्रयोग: छोट्या ग्रुपसाठी माझी पहिली पसंती

१९४० च्या दशकात बॉब हमर नावाच्या अमेरिकन जादूगाराने पत्ते सुलटे-उलटे करण्याचं एक भन्नाट तत्त्व वापरात आणलं, त्याचंच हे छोटं रूप. एका जोडात ५२ पत्ते, म्हणजे १३ जणांना चार-चार. सोसायटीच्या गच्चीवर किंवा घरगुती वाढदिवसाला एवढं पुरतं.

प्रत्येकाने चार पत्ते पाठ वर करून धरायचे. सगळ्यात खालचा पत्ता गुपचूप बघायचा, हा त्यांचा पत्ता. वरचा एक पत्ता न बघता तळाशी घालायचा. आता जो पत्ता वर आला तो सुलटा करून तिथेच ठेवायचा, म्हणजे एकाचं चित्र वर, बाकी तिघांची पाठ वर. इथून मोकळीक. हवं तिथून काटा. मग वरचे दोन पत्ते जोडीने, एकत्र धरून पालटा आणि वरच ठेवा. परत काटा, परत दोन पालटा. ज्याला दोनदा करायचं त्याने दोनदा, ज्याला दहादा त्याने दहादा. सगळा हॉल आपापल्या नादात पत्ते उलटेपालटे करत असतो आणि तुम्ही नुसते उभे, हे दृश्यच फार छान असतं. मग शेवट सगळ्यांनी एकदम करायचा: वरचा पत्ता पालटून तळाशी, त्यापुढचा न पालटता तळाशी, त्यापुढचा पालटून परत वरच. पसरा. तीन पत्ते एका तोंडाचे आणि एकच उलटा, आणि तो त्यांनी बघितलेला.

का होतं? चार पत्त्यांचा गोल आहे असं धरा. कितीही काटलं, कितीही जोड्या पालटल्या, तरी त्यांच्या पत्त्याच्या समोरच्या जागेवर असतो तो पत्ता कायम विरुद्ध तोंडाचा राहतो आणि उरलेले दोन एकमेकांसारखेच राहतात. शेवटच्या दोन पालट्या फक्त हे उघड करतात. स्वतः हातात चार पत्ते घेऊन करून बघा, कळल्यावर जो आनंद होतो तो वेगळाच आहे.

आता माप लावा. 'चुकली तर मेला' अशा सूचना दोन: एक, जोडीने पालटणं (लोक एकेक करून पालटतात, मग क्रम बदलतो), आणि दोन, शेवटच्या तीन कृती. पहिलीवर उपाय म्हणजे 'दोन्ही पत्ते एकच पत्ता आहेत असं समजून चिमटीत धरा' असं म्हणत स्वतः करून दाखवायचं, हात उंच धरून. दुसरीवर उपाय म्हणजे घाई न करणं, प्रत्येक कृतीनंतर 'झालं सगळ्यांचं?' विचारून थांबायचं. आणखी एक मोठी गोष्ट, एकाचा चुकला तरी बाकी बारा जणांचा बरोबर येतो, हॉल टाळ्या वाजवतोच. ज्याचा चुकला त्याला 'चला दादा, आपण दोघं परत करू' म्हणून जवळ घ्या, त्याला हसू देऊ नका कोणाला.

फाटलेल्या पत्त्यांचा प्रयोग: मोठ्या गर्दीसाठी

स्पेनचे जादूगार वुडी आरागोन यांच्यामुळे हा प्रकार गाजला, आणि २०२४ मध्ये चीनच्या सरकारी टीव्हीवरच्या नववर्षाच्या कार्यक्रमात लिऊ छिएन यांनी असाच प्रयोग घरोघरच्या प्रेक्षकांकडून करून घेतला. तिथे स्टेजवरच्या एका निवेदकाचेच तुकडे जुळले नाहीत आणि त्याचीच चर्चा जास्त झाली. जादूगार अव्वल असला तरी सूचना समोरच्याच्या हातात सुटू शकते, हे लक्षात ठेवूनच हा प्रयोग घ्या.

नाशिकच्या कार्यक्रमाला बसेल असं त्याचं रूप देतो. प्रत्येकाला चार पत्ते. पिसायचे, मग चारही एकत्र धरून मधोमध फाडायचे, एक गठ्ठी दुसरीवर ठेवायची, आठ तुकडे झाले. आता आपल्या नावात जितकी अक्षरं तितके तुकडे वरून एकेक करून तळाशी घालायचे. सीमा दोन, ज्ञानेश्वर चार, काहीही चालतं. वरचे तीन तुकडे एकत्र उचलून बाकीच्यांच्या मधे कुठेही खुपसायचे. आता जो वर आहे तो न बघता खिशात किंवा मांडीखाली. उरले सात. मग गोदावरीच्या पंचवटीकडच्या बाजूला राहणाऱ्यांनी वरचा एक, अलीकडच्या बाजूच्यांनी वरचे दोन, नाशिकबाहेरून आलेल्यांनी वरचे तीन तुकडे उचलून मधे खुपसायचे. चहा आवडणाऱ्यांनी वरचा एक तुकडा टाकून द्यायचा, कॉफीवाल्यांनी दोन. मग सोमवार, मंगळवार असं रविवारपर्यंत सगळ्यांनी मोठ्याने म्हणत दर वाराला एक तुकडा वरून तळाशी. शेवटी 'सुख राहो' म्हणत एक तळाशी, 'पीडा जावो' म्हणत पुढचा टाकून द्यायचा, परत सुख राहो, पीडा जावो, एकच तुकडा उरेपर्यंत. तो उरलेला आणि खिशातला जोडून बघा, एकाच पत्त्याचे दोन अर्धे.

यातलं गणित असं. आठ तुकड्यांमधे प्रत्येक तुकड्याचा जोडीदार बरोबर चार जागा पुढे असतो, आणि एकेक करून तळाशी घातल्याने हा क्रम मोडत नाही, म्हणून नाव कितीही अक्षरी असो. तीन मधे खुपसले की वरचा आणि तळाचा जोडीदार होतात. वरचा लपवला, म्हणजे त्याचा जोडीदार तळाशी बसलाय. मधे खुपसल्याने किंवा वरून टाकल्याने तळाला काहीच होत नाही. चहावाल्यांकडे सहा उरतात, कॉफीवाल्यांकडे पाच. सात वार म्हटल्यावर सहावाल्यांचा जोडीदार पाचव्या जागी जातो, पाचवाल्यांचा तिसऱ्या, आणि 'एक ठेव, एक टाक' केलं की नेमका सहामधला पाचवा आणि पाचमधला तिसराच उरतो. वार सात म्हणून जमतं, तिथे 'गणपती बाप्पा मोरया' घालावंसं वाटलं तर अक्षरं मोजा, नऊ येतात, नऊने नाही जमत.

धोक्याची सूचना 'मधे खुपसा' ही. काही जण सरळ तळाशी घालतात आणि तिथेच खेळ संपतो. म्हणून 'वरही नाही, खालीही नाही, मधे, दोन्ही बाजूला पत्ते दिसले पाहिजेत' असं दोनदा बोला, आणि एखाद्या मदतनीसाला रांगांमधून फिरवा. शेवटच्या टप्प्यात सुरुवात 'राहो'ने करायची, 'जावो'ने केली तर वेगळाच तुकडा उरतो. वार आणि 'सुख राहो' सगळा हॉल एका सुरात म्हणतो तेव्हा लोक आपोआप एका लयीत येतात, चुका तिथेच कमी होतात.

फाडायला स्वस्तातले कागदी पत्ते घ्या, मेन रोड किंवा रविवार कारंजाच्या दुकानांत मिळतात. प्लॅस्टिकचे फाटत नाहीत. ५० जणांना २०० पत्ते लागतात म्हणजे चार जोड, आणि ते परत वापरता येत नाहीत हे बजेटमधे धरा. आजी-आजोबा आणि लहान मुलांसाठी पत्ते आधीच मधोमध घडी घालून ठेवा, चार जाड पत्ते एकदम फाडणं त्यांना जड जातं. आणि टाकलेले तुकडे जमिनीवर नकोत, रांगेला एक कागदी प्लेट फिरवा.

पिसायला लावणारे प्रयोग: इथे एक खास अडचण

नॉर्मन गिलब्रेथ या अमेरिकन गणितज्ञ-जादूगाराने १९५८ मध्ये एक तत्त्व प्रसिद्ध केलं. काळा-लाल-काळा-लाल असे पत्ते लावलेले, त्यातले साधारण निम्मे एकेक करून टेबलावर वाटायचे, मग त्या दोन गठ्ठ्या एकमेकांत मिसळून एकदाच पिसायच्या, आणि तरी वरून दोन-दोन पत्ते काढले तर प्रत्येक जोडीत एक काळा एक लाल येतोच. पिसणारा प्रेक्षक स्वतः असल्याने परिणाम जबरदस्त होतो.

पण हे चालतं ते फक्त दोन गठ्ठ्यांचे कोपरे फर्रर्र करून एकमेकांत घालायच्या पिसण्याने, आणि आपल्याकडे घरात बहुतेक लोक हातात धरून वरून थोडे थोडे पत्ते खाली सोडत पिसतात. तसं पिसलं की रचना गेली. 'पिसा' असं मोघम कधीच म्हणू नका. दोन्ही गठ्ठ्या टेबलावर ठेवून बोटाने गोल फिरवत जराशा पसरवा आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांत ढकला असं सांगा, कोणालाही जमतं आणि गणितही टिकतं. टेबल नसेल तर हा प्रयोग त्या दिवशी घेऊच नका.

एकाच माणसासाठीचा मोठा प्रयोग

अमेरिकन जादूगार पॉल करी यांचा १९४२ चा प्रयोग, ज्यात प्रेक्षक पत्ते न बघता लाल वेगळे आणि काळे वेगळे करतो, तो अजूनही जगातल्या सगळ्यात सुंदर पत्त्यांच्या प्रयोगांत धरतात. वेळ घेतो, एकच माणूस खेळतो, पण तो माणूस बरोबर निवडला तर सगळे श्वास रोखून बघतात. वाढदिवस असेल तर ज्याचा वाढदिवस त्यालाच द्या, षष्ठ्यब्दीला काकूंना द्या. गर्दीत, जेवणाची ताटं येत असताना, लहान मुलांच्या गोंधळात अजिबात नको. शांत पंधरा-वीस माणसं आणि चांगला उजेड असेल तरच.

निवड झाली की फोनवर परीक्षा घ्या

ही पायरी कोणी करत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्याने प्रयोग बघितलेला नाही अशा नातेवाईकाला फोन लावा, व्हिडिओ कॉल नाही, साधा कॉल. हातात पत्ते घ्यायला सांगा आणि फक्त बोलून पूर्ण प्रयोग करून घ्या. 'म्हणजे कसं?' असं जिथे विचारलं जाईल तिथे खूण करा, ते वाक्य बदला, दुसऱ्या कोणालातरी फोन करा. फोनवर जो प्रयोग बरोबर येतो तो माईकवर येतोच. वाक्य छोटं करा, एका वाक्यात एकच कृती. 'वरचा पत्ता घेऊन तो पालटून तळाशी ठेवून मग पुढचा' असं नाही. वरचा पत्ता घ्या. पालटा. तळाशी ठेवा. झालं?

वयाने मोठ्यांना 'अहो काका, वरचा पत्ता घ्या' आणि लहानांना 'घे रे', हे सुटलं की माईकवरून हुकूम सोडल्यासारखं वाटतं. पत्ते वाटायच्या आधी चष्मे लावायला सांगा, आकडे बारीक असतात. ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला शेजारच्याकडे बघू द्या, आग्रह करू नका, विशेषतः लग्नघरात नवीन सुनेला सगळ्यांपुढे ओढून आणणं तर नकोच, तिच्या जागेवरच पत्ते नेऊन द्या.

कार्यक्रमात कुठे ठेवायचा

सगळ्यांच्या हातातला प्रयोग पहिला नको. लोकांना आधी तुमचं ऐकायची सवय होऊ द्या, एखादा छोटा, एका माणसाबरोबरचा प्रयोग करा, मग पत्ते वाटा. वाटायला वेळ जातो, त्या वेळात बोलायला काहीतरी ठेवा किंवा खुर्च्यांवर आधीच लिफाफ्यात चार-चार पत्ते ठेवून द्या. शेवट मात्र याच प्रयोगाने करा, कारण यानंतर लोक एकमेकांचे पत्ते बघायला उठतात आणि त्यांना परत बसवणं अवघड.

आणि 'परत दाखव' म्हणतीलच. चार पत्त्यांचा लगेच परत केला तरी चालतो, काटणं आणि पालटणं दर वेळी वेगळं असतं. फाटलेल्या पत्त्यांचा मात्र त्याच गर्दीत परत करू नका, दुसऱ्यांदा कोणीतरी सात वार मोजून बसतो. जुळलेले दोन तुकडे घरी घेऊन जा म्हणा आणि पुढच्या प्रयोगाकडे वळा.